बाकीचे कायचे?

ठेकेदारानं पहिला प्रश्न विचारला तो असा : "किती किलो भरंन?"

मशीन चालते कशी, किती रुंद लाकूड चिरते, बनवली कोणी, यातलं काही त्यानं विचारलं नाही. बुटाच्या टोकानं चौकट हलवून पाहिली आणि वजन विचारलं. भंगारवाला विचारतो तसं. माझा दोस्त आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. स्वतःच्या हातानं बनवलेली वस्तू आम्ही आयुष्यात पहिल्यांदा विकायला काढली होती. रोजी सांगता येते आम्हाला, भांडून वाढवूनही घेता येते. पण वस्तूचा भाव सांगायची वेळ आली तेव्हा तोंडातून शब्द निघेना. शेवटी दोस्त बोलला, "अठरा हजार."

ठेकेदार हसला आणि बोटांवर हिशेब करायला लागला. "जुनी चेनसॉ, तिचे सहा. लोखंड नऊ किलो, त्याचे चारशे. नटबोल्ट अन् वेल्डिंगच्या काड्या, धर सहाशे. झाले सात. बाकीचे कायचे?"

दोस्तहो, हा लेख त्या प्रश्नाचा आहे. अकरा हजारांचा प्रश्न आहे. आम्ही तेव्हा उत्तर दिलं नाही. ठेकेदार फटफटीवर बसून निघून गेला आणि आम्ही दोघं रात्री बारापर्यंत त्या मशीनजवळ बसून भांडलो. ते भांडण अजून मिटलेलं नाही म्हणून लिहितो आहे.

आधी मशीन काय ते सांगतो. आपल्या भाषणांत 'यंत्रयुग' फार येतं, यंत्र मात्र येत नाही. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

मी चंद्रपूरकडे एका आरा गिरणीत कामाला आहे. गिरणीत लाकूड मशीनकडे येतं. गोल लाकडाचा ट्रक येतो, हमाल उतरवतात, ट्रॉलीवर चढवतात, पट्ट्याच्या आऱ्यातून फळ्या निघतात. मागल्या उन्हाळ्यात वादळात आमच्या वस्तीमागचा कडुलिंब पडला. बुंधा दोन फुटी, सरळ ओंडका दहा फुटांचा, वजन पाऊण टनाच्या वर. पडला तो नाल्याच्या पलीकडे, जिथं ट्रॅक्टर जात नाही. आमच्या विहाराला तेव्हा दार नव्हतं, पत्र्याचं झाकण होतं. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन ओंडका विहाराला मिळवला. पण न्यायचा कसा? आमच्याच भागातलं सागवान 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून गेलं, वाजतगाजत. दार म्हटलं की आपल्याला 2 मार्च 1930 ला नाशिकला सुरू झालेला सत्याग्रह आठवतो आणि काळारामाचं आपल्यासाठी न उघडलेलं दार आठवतं. आम्हाला एक साधं दार पाहिजे होतं, उघडणारं, आणि तेवढ्यासाठी नाला आडवा आला. तेव्हा दोस्तानं डोकं लावलं. तो वेल्डिंगच्या दुकानात आहे. म्हणाला, "लाकूड मशीनकडे जात नसंन, तर मशीन लाकडाकडे नेऊ."

परदेशात अशा मशीनला अलास्कन मिल म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या एलोफ ग्रॅनबर्ग नावाच्या माणसानं 1960 च्या दशकात ती काढली. चेनसॉ आडवी धरायची, तिच्या लांब बारला एक लोखंडी चौकट आवळायची, चौकट लाकडाच्या पाठीवर टेकवून पुढं ढकलायची. चौकट आणि बार यांच्यात जेवढं अंतर, तेवढी फळी जाड. झालं. आम्ही चौकट बनवली जुन्या पलंगाच्या अँगलची. बार 30 इंची; दोन्ही टोकांना शिकंजे आवळल्यावर चिरते 25 इंचापर्यंत. पहिला काप फार जपून घ्यावा लागतो. ओंडक्याची पाठ कधी सरळ नसते, म्हणून वर दोन सरळ अँगल बसवून त्यांच्यावरून चौकट चालवायची. पुढचा प्रत्येक काप आधीच्या कापावर टेकून जातो. पहिला वाकडा तर सगळ्या फळ्या वाकड्या. मागून लाकडी पाचरी मारत जायच्या, नाही तर चीर मिटते आणि बार अडकतो. साखळीचे दात झाड आडवं कापायला 30 अंशांत घासलेले असतात. लाकूड उभं चिरायचं तर ते 10 अंशांवर आणावे लागतात. ते मी केलं. चार रात्री कानस घेऊन, एकेक दात. गिरणीत आऱ्याला धार लावणारा मिस्त्री मला कानशीला हात लावू देत नाही.

तरी ही मशीन उधळी आहे. गिरणीतला पट्टा दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातो, ही आठ-नऊ खाते. पाच काप घेतले की पावणेदोन इंच लाकडाचा भुसा. हे आम्ही ठेकेदाराला तोंडावर सांगितलं. दोष लपवून विकायचं नाही एवढं आमचं आधीच ठरलं होतं.

आता जे सांगायचं ते. ही मशीन आम्ही दोघांनी चालवायची अशी बनवली. एक इंजिनाकडे, एक बारच्या नाकाकडे. इंजिनाकडच्याला धूर, आवाज, सगळा भुसा अंगावर, आणि हाताला अशा मुंग्या की रात्री भाकरीचा तुकडा मोडत नाही. नाकाकडच्याच्या हातापासून वितीवर साखळी उघडी फिरते. एक जागा वाईट, दुसरी जास्त वाईट. कोणती कोणती ते शेवटपर्यंत ठरलं नाही. तिसऱ्या फळीला मी म्हटलं, आता तू तिकडं जा. तेव्हापासून दर फळीला जागा बदलायची असा रिवाज पडला. विहाराच्या दाराच्या आणि चार बाकांच्या फळ्या अशा निघाल्या.

माझ्या आजानं लाकूड चिरलं ते दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीनं. ओंडका उंचावर बांधलेला, एक माणूस वर उभा, एक खाली. वरचा रेघ पाहतो, करवत वळवतो. खालचा ओढतो आणि भुसा डोळ्यांत घेतो. वर गावचा सुतार, खाली आजा. नेहमी. जागा कधी बदलली नाही. एकाच करवतीची दोन टोकं दोघांच्या हातात असायची तेव्हा विटाळ होत नव्हता. विटाळ व्हायचा संध्याकाळी, वाटा घ्यायच्या वेळी. सुताराचं काम मोजलेलं आणि बलुतंही मोजलेलं. महाराचंही बलुतं होतं, पण काम मोजलेलं नव्हतं. सांगतील ते, सांगतील तेव्हा. सुताराचं मी वाईट म्हणत नाही, पाटलानं त्यालाही माडी बांधून दिली नव्हती. पण त्याच्या हाताला हुन्नर म्हणत, आणि आजाचं नुसतं अंग. अंगाला कोण पैसे देतो?

16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, नागपूरनंतर दोन दिवसांनी. आजा पायी गेला होता. विशीतला पोरगा. परत आल्यावर पाटलाचा सांगावा आला, जळतन फोडायचं आहे. आजा वाड्यावर गेला आणि म्हणाला, "फोडतो जी. पण रोजी घेईन." ही गोष्ट आमच्या घरात आजी सांगायची आणि पाटलाचा आवाज काढून सांगायची : "जळतन फोडायचे पैसे कायचे?" आजा कुऱ्हाड न उचलता परत आला. पुढं बल्लारपूरला लाकडाच्या डेपोत हमालीला लागला. कनिष्ठ गाव वतनं मोडायचा कायदा नंतर आला, 1958 साली. आजानं आपलं वतन त्याच्याआधी दोन वर्षं मोडलं होतं.

म्हणून ठेकेदार 'कायचे' म्हणाला तेव्हा माझ्या कानात दुसराच आवाज वाजला.

हिशेब मांडू. आम्ही बावीस संध्याकाळी खपलो. दोन संध्याकाळी मिळून एक रोज धरला तर दोघांचे मिळून बावीस रोज. गिरणीत मला 450 मिळतात. झाले 9,900. सामानाचे 7,000 मिळवा, झाले 16,900. म्हणजे दोस्तानं अठरा उगाच फेकले नव्हते. वर अकराशे राहतात, त्यांना नफा म्हणा, लबाडी म्हणा.

गिरणीतल्या एका कॉम्रेडला सांगितलं. तो म्हणाला, सोपं आहे, किंमत म्हणजे श्रम आणि ठेकेदार तुमचा श्रम गिळतो आहे. बरोबर आहे त्याचं. पण याच ठेकेदारानं दोन वर्षांमागं आपल्या घराच्या दारावर मोर कोरून घेतला, तेव्हा मोराचं वजन केलं नाही. कारागिराला हुशारीचे पैसे दिले आणि चार लोकांत ती रक्कम सांगत मिरवला. म्हणजे श्रमाची किंमत त्याला कळते. कोणाच्या श्रमाची, एवढाच प्रश्न आहे. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिलं. आपण सगळे ते पाठ म्हणतो. मीही म्हणत होतो. मला ते कळलं ठेकेदाराच्या बोटांवर. सातव्या बोटावर हिशेब थांबला, कारण पुढं आमचं डोकं होतं, आणि आमचं डोकं कुठल्या खात्यात लिहायचं ते त्याच्या वहीत नव्हतं.

इथं लेख संपवला असता तर टाळ्या पडल्या असत्या. पण त्या रात्री दोस्तानं एक वाकडा प्रश्न काढला. म्हणाला, "डोकं आपलं, हे तरी पुरतं खरं आहे का बे?"

खरं नाही. चौकट ग्रॅनबर्गची. साखळीची गोष्ट तर आणखी मजेदार. अमेरिकेत ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. 1946 साली त्यानं लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी निरखली. ती लाकूड उभंही खाते, आडवंही खाते, जबडा डावीउजवीकडे चालवत. कॉक्सनं साखळीला तिच्या जबड्यासारखे दात केले, आणि पुढं मोठा कारखाना काढला. आजच्या साखळ्या मुळात त्याच घडणीच्या आहेत. अळीला कोणी रॉयल्टी दिली नाही. ज्ञान एकट्याच्या बापाचं नसतं, हे आपण बामणांना सांगत आलो. मग ते आपल्याही बापाचं नाही. हुशारीचे म्हणून आम्ही जे मागत होतो त्यात ग्रॅनबर्गचं काय, कॉक्सचं काय, आणि अळीचं काय?

पण एक गोष्ट खास आमची होती. तिच्याकडे मला उशिरा पोचता आलं.

नाकाकडचा शिकंजा थरथरीनं ढिला होतो. सहाव्या फळीला तो सरकला, साखळी बोल्टला लागली आणि तुटली. माझ्या पायापासून हातभर अंतरावर येऊन पडली. जुन्या चेनसॉचा ब्रेकही कामातून गेलेला होता, तो आम्ही नंतर बदलला. त्या दिवसापासून फळी सुरू करायच्या आधी पाना फिरवायचा, आणि पाना फिरवणारा तोच जो नाकाकडे उभा राहणार. हा पाना मशीनच्या लोखंडात नाही. आमच्या सवयीत आहे. मशीन विकली की लोखंड जातं, सवय इथंच राहते. तीच गोष्ट जागा बदलायची. ती कुठल्या नटबोल्टात आवळलेली नाही.

मग विकायचीच कशाला, असं तुम्ही विचाराल. दोस्ताच्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला तीन आठवडे होते. याच्यापुढं तत्त्वज्ञान लिहिणाऱ्यानं जरा हळू बोलावं.

तरी बोलणं झालंच. आमच्या विहारात रविवारी वाचन असतं. वस्तीतली एक मावशी, शाळेत न गेलेली, ऐकून ऐकून सगळं पाठ. ती म्हणाली, "पोरांनो, भगवंतानं उपासकाला पाच व्यापार मना केले. शस्त्र, जीव, मांस, दारू अन् विष. तुमची मशीन यातली कोणती?" अंगुत्तर निकायात हे खरोखरच आहे. दोस्त म्हणाला, "मावशी, करवत आहे ती, तलवार नाही." मावशी म्हणाली, "इळाही शस्त्र होते. कोनाच्या हातात देता ते पाहा." बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक आजीव सांगताना वस्तूंची यादी पुढं केली नाही, दुसऱ्याला इजा आणि अन्याय होणार नाही अशी कमाई, एवढी कसोटी सांगितली. यादी असती तर बरं झालं असतं. चेनसॉ यादीत नाही म्हणून मोकळे झालो असतो.

उलट बाजूनंही बाबासाहेबच होते. 1945 च्या पुस्तकात त्यांनी गांधींच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. यंत्रावाचून गरीब माणसाला फुरसत नाही, आणि फुरसतीवाचून माणूस जनावराच्या जिण्यातून वर येत नाही, हा त्यांचा मुद्दा. ज्यांचा आजा करवतीखाली उभा राहिला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. यंत्र आलं आणि खालचा माणूस त्या खड्ड्यातून निघाला. मी यंत्राच्या बाजूचा आहे आणि राहीन.

एका कार्यकर्त्या मित्रानं तिसराच मार्ग सांगितला. विकूच नका, वस्तीची सहकारी मशीन करा. ऐकायला गोड आहे. पण लाकूड चिरायचा धंदा करायला परवाना लागतो. गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टानं 12 डिसेंबर 1996 ला पहिला मोठा हुकूम दिला आणि ऑक्टोबर 2002 मध्ये सांगितलं की केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी आरा गिरणी नाही. 2016 मध्ये केंद्रानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हे काम राज्याच्या समितीकडे दिलं. जंगल वाचायला हे पाहिजेच होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण दार लागलं तेव्हा आत कोण होतं आणि बाहेर कोण, ते पाहा. परवाना हीच इस्टेट झाली, बापाकडून लेकाकडे जाणारी. आपण पोचलो तेव्हा कडी लागलेली, आणि या वेळी कडी लावणाऱ्याचं कारणही चांगलं. ठेकेदाराला आम्ही विचारलं, परवान्याचं काय? तो म्हणाला, "ते माझ्याकडे लागलं." आम्ही ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. फी भरायची होती. ही आमची चूक मी इथं लिहून ठेवतो, कोणी दुसऱ्यानं काढायच्या आधी.

शेवटी पंधरा हजारांत सौदा झाला. आम्ही दोन अटी घातल्या. नाकाकडे साखळीवर लोखंडी झाकण आम्ही बसवून देऊ. आणि मशीन जो चालवणार तो माणूस एक दिवस आमच्याकडे शिकायला येईल. ठेकेदार म्हणाला, "शिकवायचे पैसे भेटनार नाही." आम्ही म्हटलं, नको.

पोरगा आला. अठरा-एकोणीसचा, गोंड, जवळच्याच गावचा. हात चांगले होते त्याचे. एकदा दाखवलं की कानस बरोबर धरायचा. पाचर कधी मारायची ते आम्हाला चार फळ्यांनंतर कळलं होतं, त्याला दुसऱ्या फळीला इंजिनाच्या आवाजावरून कळलं. संध्याकाळी हात धुताना त्यानं विचारलं, "तिकडं नाकाकडं कोन राहीन, दादा?" आम्ही सांगितलं, दोघंही, पाळीपाळीनं. तो काही बोलला नाही.

पैसे मोजून मिळाले. तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही : मोकळं वाटलं. विक्रीत ही गंमत आहे. पैसे दिले, वस्तू घेतली, संपलं. उद्या रस्त्यात भेटलो तर कोणी कोणाचं देणं लागत नाही. बलुत्यात हेच नव्हतं. तिथं काहीच संपत नव्हतं. आज लाकूड फोडलं म्हणून उद्या सुटका नाही, बापानं फोडलं म्हणून लेकानं फोडायचं. 'रोजी घेईन' म्हणताना आजा पाटलाकडे पैसे मागत होता असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, तो काम संपायचा हक्क मागत होता. आपल्या माणसाला बाजार, शहर, पगाराचं पाकीट आवडलं ते नुसत्या पैशासाठी नाही. पाकीट घेतलं की मालक संध्याकाळपुरता तरी मेला, यासाठी. बाजाराला शिव्या देणाऱ्या आपल्या डाव्या मित्रांनी हे एकदा आपल्या आज्यांना विचारून घ्यावं.

महिन्याभरानं एका रविवारी आम्ही मशीन पाहायला गेलो. शेताच्या बांधावर मोठा आंबा पाडलेला होता. आवाज लांबूनच ओळखू आला. इंजिनावर तो पोरगा. नाकाकडे एक म्हातारा, साठीचा, अंगात फाटकी बंडी, डोळ्यांवर काही नाही. आम्ही बसवलेलं झाकण काढून टाकलेलं. ठेकेदार सावलीत खुर्ची टाकून.

झाकण कुठं गेलं, विचारलं. भुसा अडकतो, काम हळू होतं, म्हणून काढलं. ते खरं होतं. झाकण आम्ही जरा बोजड केलं होतं. मग पोराला बाजूला घेऊन विचारलं, जागा बदलता का? तो खाली पाहत म्हणाला, "त्याची रोजी येगळी हाय, दादा." इंजिनावरच्याला सहाशे. नाकाकडच्याला साडेतीनशे.

आम्ही गप्प झालो. चौकट आमची, शिकंजा आमचा, सगळं जसंच्या तसं. वर फक्त अडीचशे रुपयांचा फरक ठेवला होता ठेकेदारानं, आणि तेवढ्यात आजाची करवत परत उभी राहिली. आता पोरानं जागा बदलावी तर त्याची रोजी जाते. म्हाताऱ्यानं बदलावी म्हणावं तर मागणार कोणत्या तोंडानं? यातला एकही सवर्ण नाही, हेही पाहून ठेवा. दोघंही गोंड, एकाच गावचे. पायऱ्या करायला जातच लागते असं नाही, पण पायऱ्या करायची अक्कल कुठून आली ते आपल्याला माहीत आहे. 'श्रेणीबद्ध विषमता' हा शब्द मी दहा भाषणांत ऐकला होता. तो अडीचशे रुपयांचा असतो हे त्या बांधावर पाहिलं.

मी ठेकेदाराकडे गेलो. म्हटलं, झाकण लावा, माणसाचा हात जाईल. तो रागावला नाही. खुर्चीतून उठलाही नाही. म्हणाला, "विकलं नं तुम्ही?"

या तीन शब्दांवर मी दोन रात्री झोपलो नाही. कारण तो माझंच बोलत होता. विकलं म्हणजे संपलं, हीच तर आमची सुटका होती. आता मी म्हणतो की विकल्यावरही माझं काही राहतं, तर मी बलुतं परत आणतो आहे का? न संपणारं नातं? दोस्त तसंच म्हणाला. म्हणाला, "पैसे घेतले, फी भरली, आता कशाला जीव काढतो? जगातल्या सगळ्या मशिनींचा ठेका घेतला का आपण?" त्याचं म्हणणं खोटं नाही. चेनसॉ बनवणारे लाखो विकतात, झोपतात.

माझं म्हणणं त्याला असं सांगितलं. आजानं नातं तोडलं ते वर उभ्या असलेल्याशी, खुर्चीतल्याशी. खालच्याशी तोडायचा प्रश्न नव्हता, खाली तो स्वतः होता. आमच्या घरातून पहिल्यांदा कोणी खालून बाजूला झालं ते या मशीनमुळे. आणि ती जागा रिकामी राहिली नाही. ठेकेदाराशी आमचा हिशेब पंधरा हजारांत चुकता झाला, त्याला दोष नाही. पण नाकाकडच्या म्हाताऱ्याशी आमचा सौदा झालाच नव्हता. जो झालाच नाही तो संपला कसा म्हणायचा? ठेकेदार बाकीचे कायचे म्हणून विचारत होता, आणि आम्ही दोघं समजत होतो की बाकी सगळी त्याच्याकडूनच येणं आहे.

दोस्त बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पत्रा पातळ घ्यावा लागंन. अन् खालून भुसा पडायला फट ठेवू."

झाकण दोन रात्रींत झालं. पातळ पत्र्याचं, आठच्या दोन बोल्टांवर बसणारं. ते आम्ही ठेकेदाराला दिलं नाही. पुढच्या रविवारी म्हाताऱ्याच्या गावी गेलो, पोरालाही बोलावलं. रोजीचं त्या दोघांशी बोललो : सहाशे आणि साडेतीनशे मिळून साडेनऊशे होतात, अर्धे पावणेपाचशे, मागून पाहा दोघं मिळून. पोरगा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याचे सव्वाशे जात होते, त्याला मी काय म्हणू?

झाकण अंगणात ठेवून म्हाताऱ्याला बारा-तेराचा पाना कसा फिरवायचा ते दाखवलं. दर फळीच्या आधी शिकंजा कसा चाचपायचा तेही. त्यानं दोनदा करून दाखवलं, आमच्यापेक्षा घट्ट. पाना त्याच्याकडेच ठेवून घ्या म्हटलं. त्यानं पाना धोतराला पुसला, झाकण उलटंपालटं करून पाहिलं, आणि विचारलं, "याचे किती झाले?"

दोस्त माझ्याकडे पाहायला लागला.

मी म्हटलं, "आधी बसते का ते तर पाहू."